रंगरावाची आंघोळ

शलाकाने काचेचं गोल भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि ती जिन्याची एकेक पायरी बघून बघून उतरत होती. मागे तिचा नवरा मकरंद. त्याच्या एका हातात माशाच्या खाण्याची डबी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला छापील कागद.

"अक्का, बावीस दिवसांचा प्रश्न आहे," शलाका दारातच म्हणाली. "पुण्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न, आणि मग तिथूनच वर्क फ्रॉम होम. आमच्या रंगरावाला सांभाळाल ना?"

मथुरा अक्कांनी चष्मा वर सरकवून भांड्यात बघितलं. तळाशी, पांढऱ्याशुभ्र खड्यांवर, एक करडा मासा बसून होता. पोहत नव्हता, बसून होता. पंख अंगाला चिकटवलेले, जशी मिटलेली छत्री.

"जात कोणती याची?"

"बेट्टा."

"बेट्ट म्हणजे कन्नडात डोंगर गं. हा तर चिंचोक्याएवढा आहे."

मकरंद हसला. शलाका हसली नाही. रंगरावाच्या बाबतीत ती चेष्टा खपवून घेत नसे. "अक्का, सगळं कागदावर लिहिलंय. प्लीज, तेवढं तसंच करा. आणि रोज एक फोटो पाठवा."

"सरी, सरी, करते सगळं," अक्का म्हणाल्या. "निघा तुम्ही, विमान चुकेल."

जे. पी. नगरातल्या त्या चार मजली इमारतीत मथुरा हुल्याळकरांना सगळेच अक्का म्हणत, पुण्यामुंबईहून नुकतीच आलेली मंडळीसुद्धा. वय एकोणसत्तर. मिरजेहून लग्न होऊन बेंगळुरात आल्या त्या अठ्ठ्याहत्तर साली. नवरा रघुनंदन एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला, आणि वर्षभरात त्याही त्याच कारखान्याच्या पाणी-प्रयोगशाळेत लागल्या. बॉयलरचं पाणी, कूलिंग टॉवरचं पाणी, कॅन्टीनचं पाणी, गटारात सोडायचं पाणी. पस्तीस वर्षं त्यांनी पाणी तपासलं. पाणी दिसतं स्वच्छ आणि असतं भलतंच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसरी एक गोष्ट इमारतीला ठाऊक होती. अक्कांना खोड्या काढल्याशिवाय अन्न पचत नसे. मागच्या दिवाळीच्या आधी त्यांनी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, "उद्या अकरा ते बारा लिफ्टची वार्षिक तेलमालिश आहे. कृपया चपला काढून आत यावे." दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी गिरीराज बूट हातात धरून, मोजे सावरत लिफ्टमधून बाहेर आले आणि समोर अक्का उभ्या. "स्वल्प निसरडं आहे का हो आत?" असं त्यांनी विचारलं, तेही इतक्या काळजीने की गिरीराजांनी "फार नाही" असं उत्तर दिलं.

मात्र पस्तीस वर्षांत पाण्याच्या एकाही अहवालात त्यांनी खोटा आकडा लिहिला नव्हता. एकदा साहेब जातीने येऊन उभे राहिले होते, तरीही. चेष्टा माणसांची करायची, पाण्याची नाही, असं त्यांचं होतं.

तर रंगराव टेबलावर आला. अक्कांनी भांड्यावर नाक नेलं आणि त्या थबकल्या.

"अहो, जरा इकडे या. वास घ्या."

रघुनंदन पेपर ठेवून आले. त्यांनी वास घेतला. "लिंबू?"

"भांडी घासायचं लिक्विड."

मग त्यांनी शलाकाचा कागद वाचला. दर रविवारी मासा कपात काढणे. भांडं लिक्विडने चकचकीत घासणे. खडे उकळणे. नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरणे. दाणे सकाळी पाच, संध्याकाळी पाच. कागद इतका नेटका होता, रकाने आखलेले, बरोबरची खूण करायला चौकोन सोडलेले, की अक्कांना त्या पोरीचा रागही येईना.

त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातून जुनी पेटी काढली. परीक्षानळीत भांड्यातलं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन भरपूर. स्वयंपाकघरातला तापमापक पाण्यात धरला. एकोणीस.

"ही पोरं या बिचाऱ्याला दर रविवारी स्विमिंग पूलमध्ये टाकतात," त्या म्हणाल्या. "तेही डिसेंबरात. थंडगार. आणि वरून साबण."

"म्हणजे तो आजारी आहे?"

"आजारी नाही हो. त्याला स्वच्छतेचा त्रास होतोय."

रघुनंदननी माशाकडे सहानुभूतीने पाहिलं. त्यांनाही या घरात चाळीसेक वर्षं तो त्रास होता.

त्याच दुपारी अक्का रिक्षाने विठोजीरावांच्या दुकानात गेल्या. विठोजीरावांचं घराणं बेंगळुरातलं फार जुनं मराठा, सात पिढ्या इथेच. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड, आणि दुकानात भिंतभर टाक्या.

"मला पंचवीस लिटरची टाकी द्या, झाकणवाली. छोटा हीटर. हवेवर चालणारा स्पंजाचा फिल्टर," अक्का म्हणाल्या. "आणि स्पंज नवा नको. तुमच्या टाकीत चालतोय तो जुना द्या. जितका घाण तितका बरा."

विठोजीरावांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "अक्का, तुमाला मत्स्यशास्त्र येतंय काय?"

"मला गटारशास्त्र येतं. आमच्या कारखान्यात घाण पाण्याची टाकी होती. त्यात जंतू सोडायचे, ते घाण खायचे. तेच इथे. माशाची घाण खाणारे जंतू त्या जुन्या स्पंजात आहेत. नवा घेतला तर ते यायला महिना लागेल, आणि मासा तोवर आपल्याच घाणीत विषबाधा होऊन मरेल."

"अय्यो, हेच मी रोज ओरडतो! लोक येतात, म्हणतात, सगळं क्लीन पाहिजे. अरे, मासा म्हणजे काय स्टीलचा लोटा हाय?" विठोजीराव इतके खूश झाले की त्यांनी स्पंज आपल्या सगळ्यात जुन्या टाकीतून काढला. काळपट, बुळबुळीत. तो ओल्या पिशवीत घालताना ते म्हणाले, "फायटर मासा नं? पाण्याला धार नको जास्त. झोताशी भांडून दमतंय ते. आणि झाकणाखाली हवा सोडा बोटभर. वर येऊन श्वास घेतंय."

घरी येताना अक्कांनी पार्कच्या कुंपणाशी रिक्षा थांबवली आणि देशी बदामाची वाळून पडलेली चार पानं उचलली. रिक्षावाला बघत राहिला. "पूजेला," अक्कांनी त्याला सांगितलं, आणि त्याने आणखी दोन वेचून दिली.

दोन बादल्या पाणी त्यांनी उघडं ठेवलं, क्लोरीन मारायचे थेंब टाकले, नळी पुन्हा पिवळी होते का बघितलं. झाली नाही. मग टाकी भरली. हीटर सव्वीसवर. तळाशी बारीक वाळू, दोन मऊ पानांची झाडं, कारण प्लास्टिकच्या झाडांनी याचे पंख फाटतात. एक रुंद पान पाण्याच्या वरच्या थराशी येईल असं बसवलं, टेकायला. माशाच्या अंगाला बरी म्हणून बदामाची पानं धुऊन सोडली तसा पाण्याला फिक्या चहाचा रंग आला.

"हे स्वच्छ?" रघुनंदन म्हणाले.

"हे स्वच्छ."

आता रंगरावाला यात एकदम ओतायचं नव्हतं. पण त्याआधी अक्कांच्या डोक्यात एक किडा वळवळला. ही पोरं परत येतील तेव्हा मासा पालटलेला असणार. तो रोजच्या फोटोत दिसला तर मजा काय? त्यांनी जुनं गोल भांडं टेबलावर ठेवलं, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी समोरून, असे बसल्या बैठकीला बावीस फोटो काढून ठेवले. रोज एक पाठवायचा.

"मथुरे, हा खोटा अहवाल झाला," रघुनंदन म्हणाले.

"फोटो म्हणजे अहवाल नव्हे," अक्का म्हणाल्या, पण म्हणताना त्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग त्यांनी रंगरावाच्या भांड्यात नव्या टाकीचं पाणी तासभर थोडं थोडं मिसळलं आणि सांजेला त्याला अलगद आत सोडलं.

पहिले तीन दिवस तो पानाखाली दडून राहिला. अक्का रोज तीन दाणे टाकत, ते तळाशी पडले तर नळीने ओढून काढत. चौथ्या दिवशी तो वर आला आणि त्याने दाणा टपकन गिळला. नवव्या दिवशी पाठीवर निळी रेघ उमटली. आठवड्यातून एकदा अक्का तळाशी नळी धरून पाव टाकी पाणी काढत आणि मुरलेलं, तेवढंच कोमट पाणी हळू भरत. काचेवर हिरवट चढलं तर नुसत्या कापडाने पुसत. स्पंज काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळत, नळाखाली कधीच नाही. पंधराव्या दिवशी कोपऱ्यात फेसाचा पुंजका दिसला.

"साबण राहिला का गं?" रघुनंदन घाबरले.

"घरटं बांधलंय त्याने. नराचं मन लागलं की बांधतो."

रघुनंदन आता पेपर टाकीसमोर बसूनच वाचत. मधूनच दाढीचा आरसा काचेशी मिनिटभर धरत. रंगराव आरशातल्या रंगरावावर कल्ले फुलवून धावून जाई. पंख उघडले की नुसती मोरपिसं. गर्द निळा, कडेला लाल. तिकडे पुण्याला मात्र रोज एक करडा, बसलेला मासा पोचत होता, आणि शलाका रोज लाल बदाम पाठवत होती.

नऊ जानेवारीला दोघं परत आली. बॅगा जिन्यातच ठेवून शलाका आत धावली. अक्का दारामागे उभ्या, हसू दाबून.

शलाका टाकीसमोर थांबली. मग तिने अक्कांचा हात हातात घेतला.

"कधी गेला, अक्का?"

"कोण?"

"रंगराव."

"अगं, हा काय समोर!"

"अक्का, तुम्ही एवढी टाकी आणलीत, नवा मासा आणलात. मला वाईट वाटू नये म्हणून. पण मला खरं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

अक्कांनी हीटर सांगितला, साबण सांगितला, बदामाची पानं सांगितली. शलाका मान हलवत ऐकत होती, दवाखान्यात बाहेर बसलेल्या नातेवाइकाचं ऐकावं तशी. मग तिची नजर टेबलामागच्या भिंतीवर गेली. तिथे रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. ती इंदिरानगरच्या एका कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळत असे. तिने फोन काढला आणि अक्कांनी पाठवलेले फोटो एकेक करून मोठे केले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात, टेबलामागे, तेच पान. अठरा. अठरा. अठरा.

"म्हणजे पहिल्याच दिवशी," ती एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. टाकी नेलीच नाही. "तुमचाच आहे तो, अक्का."

तासाभरात बातमी इमारतभर झाली. गिरीराज स्वतः आले, चपला बाहेर काढून आले, आणि "जन्ममृत्यू कुणाच्या हातात असतात" असं म्हणून गेले. अक्का शपथा घेत होत्या आणि लोक समजूतदारपणे हसत होते. लिफ्टच्या तेलमालिशीवर ज्यांनी विश्वास ठेवला होता ते आता कशावरच ठेवायला तयार नव्हते.

संध्याकाळी चहा पिताना रघुनंदननी घसा खाकरला. "मथुरे, मी दोन दिवस वीज बोर्डाच्या कामाला आनेकलला गेलो होतो ना... तेव्हा तर नाही?"

अक्कांनी कपबशी खाली ठेवली. "तुम्हीसुद्धा?"

त्या दिवशी त्यांना प्रथमच स्वतःच्या खोड्यांचा राग आला. बावीस दिवस एका जिवाला त्यांनी मरणातून ओढून आणलं होतं, आणि त्याचा दाखला द्यायला एक माणूस नव्हतं. जो होता तो टाकीत होता आणि बुडबुडे सोडत होता.

दुसऱ्या दिवशी मकरंद आला, अक्कांचा रिकामा डबा परत करायच्या निमित्ताने. आत येऊन त्याने आधी दार लोटलं.

"अक्का, एक सांगू? रागावू नका. शेड जरा गडद झाली. बदलताना नेहमी एक पायरी फिका घ्यायचा, म्हणजे लक्षात येत नाही."

अक्का डब्याचं झाकण लावत होत्या, त्या थांबल्या. "नेहमी?"

मकरंदच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पायरी-पायरीने.

"किती वेळा, मकरंद?"

"दोनदा," तो खुर्चीवर बसला. "पहिला मार्चमध्ये गेला. शलाकाच्या आईचं ऑपरेशन होतं, ती पुण्याला. त्या वेळी कसं सांगणार? दुसरा ऑगस्टमध्ये, ती ऑफिसात असताना. मी दुकानात फोटो नेऊन, मॅच करून आणला."

"म्हणजे हा तिसरा रंगराव."

"हो. दुसऱ्या वेळी दुकानदाराने विचारलं, भांडं कसं धुता? मी सांगितलं. तो म्हणाला, सर, मॅडमना धुणं बंद करायला सांगा. पण अक्का, ती रविवारी सकाळी सात वाजता उठून त्याचं भांडं घासते. गाणी म्हणत घासते. तिला कसं सांगू, की तुझ्यामुळेच..." त्याने लोटलेल्या दाराकडे बघितलं. "तुम्ही नाही ना सांगणार?"

अक्कांना हसू आवरत नव्हतं आणि मुलाची दयाही येत होती. "मी चहाडी करत नाही. पण अट आहे. आजपासून दर रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं, ते तू. तळ साफ करायचा, तू. बादल्या शनिवारी भरून ठेवायच्या."

"हा मेलेला नाही हे खरंच खरं आहे?"

"मकरंद!"

"सॉरी, सॉरी."

तो गेल्यावर अक्का टाकीसमोर जाऊन बसल्या. रंगराव काचेशी येऊन त्यांच्याकडे बघत होता. डाव्या कल्ल्यावर, डोळ्याच्या खाली, तिळाएवढा काळा ठिपका. करडा होता तेव्हा तो उठून दिसायचा, आता निळ्यात बुडाला होता. पण होता. अक्का ताठ होऊन बसल्या. पहिल्या दिवसाच्या बावीस फोटोंत तो ठिपका असणार, आणि शलाकाच्या स्वतःच्या फोटोंतही.

त्यांनी शलाकाला खाली बोलावलं. मकरंदही आला; त्याला वाटलं, रविवारचं काम समजावायचं असेल.

"तुझ्या फोनात नोव्हेंबरमधला याचा फोटो असेल?" अक्कांनी विचारलं. "डाव्या बाजूचा? आणि आता इकडे ये, टॉर्च लाव, कल्ल्यावर बघ."

शलाकाने फोटो मोठा केला. टाकीत पाहिलं. पुन्हा फोटो. ती गुडघे टेकून खाली बसली आणि काचेला नाक लावलं. ठिपका तोच, त्याच्या शेजारची अर्धवट खवलंसुद्धा तेच.

"अक्का! हा तोच आहे!" तिने अक्कांना मिठी मारली. "सॉरी, सॉरी, अक्का! मी काय काय म्हणाले तुम्हाला! मकरंद, बघ ना, आपला रंगरावच आहे हा!"

रघुनंदन आतून आले, त्यांनीही टॉर्च लावून पाहिलं आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "मला वाटलंच होतं."

इथे थांबलं असतं तर सगळं गोड होतं. पण शलाका टेस्टर. "हा ठिपका कधीपासून आहे बघू या," म्हणत ती फोटो मागे सरकवायला लागली. ऑक्टोबर, होता. सप्टेंबर, होता. मकरंदने एकदम विचारलं, "अक्का, चहा करता का?" कुणी ऐकलं नाही. ऑगस्टच्या शेवटी, होता. जुलै.

जुलैत नव्हता. आणि शेपटी लांब होती. फेब्रुवारीत पुन्हा शेपटी आखूड, आणि पोटावर पांढरा पट्टा.

"मकरंद," शलाका हळू आवाजात म्हणाली. "हे तीन वेगवेगळे मासे आहेत."

अक्कांना ही पोरगी फोटो मागे नेईल हे माहीत नव्हतं का? नंतर रघुनंदननी त्यांना हेच विचारलं. खरं सांगायचं तर माहीत होतं. निदान मनाच्या एका कोपऱ्यात होतं, आणि त्या कोपऱ्याला मजाही येत होती. शलाका उठून गेली, मकरंद तिच्या मागे धावला, आणि ती मजा पार विरून गेली.

चार दिवस वरच्या घरातून आवाज येईना. मकरंद जिन्यात भेटला की खाली बघून जाई. पाचव्या दिवशी अक्का स्वतः वर गेल्या. हातात डिंकाचे लाडू होते, पण ते त्यांनी दारातल्या कपाटावरच ठेवले.

"तुझी चेष्टा करायची नव्हती मला," त्या म्हणाल्या. "तरी झाली. माझं चुकलं."

शलाका सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. "मी बेंगळुरात आले तेव्हा एक माणूस ओळखीचं नव्हतं, अक्का. मकरंदचं ऑफिस सकाळी आठ ते रात्री आठ. मी घरात एकटी. पहिल्याच महिन्यात तो आणला. मी त्याच्याशी बोलायचे. तो मेला, दुसराही मेला, आणि मी तिसऱ्याशी पहिल्याच्या गोष्टी बोलत बसले. मला साधं सुतकही पाळू दिलं नाही मकरंदने." ती रडता रडता हसली आणि मग पुन्हा रडली. "कशाने मेले हो ते?"

इथे गोड काहीतरी सांगता आलं असतं. म्हातारा होता, थंडी होती, नशीब होतं.

"साबणाने," त्या म्हणाल्या. "साबण, क्लोरीन, आणि दर आठवड्याला सगळं पाणी फेकून नवं. तेही गार. काच चकचकीत होती गं, पाणी वाईट होतं."

"म्हणजे मी मारले."

"तू धुतलेस. ठाऊक असून केलं नाहीस. ठाऊक असून गप्प बसला तो तुझा नवरा, आणि तोही तुला रडू येऊ नये म्हणून. दोघांचीही माया, आणि दोघांचीही चुकीच्या जागी."

शलाका बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत होती. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि तो आखीव रकान्यांचा कागद आणून अक्कांसमोर धरला. "दुरुस्त करून द्या."

अक्कांनी पेन मागितलं. आंघोळीची ओळ खोडली. दहाचे तीन दाणे केले. बाकी रकाने तसेच ठेवले, कारण रकाने खरोखर छान होते.

रविवारी रिकामी केलेली टाकी वर गेली, शलाकाच्या घरी, खिडकीच्या वाऱ्यापासून दूर. स्पंज ओलाच नेला. रंगराव बादलीत बसून लिफ्टने वर गेला. हीटर लागला, पाणी सव्वीसवर आलं, आणि तो आत सुटल्याबरोबर कोपरान् कोपरा हुंगत फिरला. शलाका मकरंदशी अजून मोजकंच बोलत होती. "नळी धर." "बादली सरकव." एवढंच.

त्याच्या पुढच्या रविवारी पाव टाकी पाणी काढायची पहिली वेळ आली. अक्का खुर्ची टाकून बसल्या. मकरंदने नळीचं एक टोक वाळूत धरलं, दुसरं तोंडात.

"हलकेच ओढ," अक्का म्हणाल्या. "पाणी नळीत आलं की लगेच बादलीत सोड."

मकरंदने जीव लावून ओढलं. आठवड्याची जमलेली सगळी घाण, बदामाच्या पानाचा चुरा, आणि बाकी काय काय, घोटभर त्याच्या तोंडात आलं. त्याचे डोळे विस्फारले. गाल फुगवून, हात हलवत तो मोरीकडे पळाला, वाटेत बादलीला ठेचकाळला. आतून खळखळून चुळा भरण्याचे आवाज येत राहिले.

शलाका आधी तोंडावर हात धरून उभी होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मग तिला उभं राहवेना. ती टाकीशेजारी जमिनीवर बसली आणि पोट धरून हसली. दहा-बारा दिवसांनी पहिल्यांदा. मकरंद टॉवेलने जीभ पुसत बाहेर आला, तिला हसताना बघून तसाच उभा राहिला, आणि मग तोही हसायला लागला.

"अक्का," तो थोड्या वेळाने म्हणाला, "हे तोंडानेच ओढावं लागतं का? हाताने दाबायचा पंप मिळतो म्हणे."

"मिळतो की," अक्का म्हणाल्या. "माझ्याकडे आहे. खाली, कपाटात."